उलट्या लेन्सने मॅक्रो : महिनाभराचे प्रयोग, अडचणी आणि काही प्रश्न

धागालेखक

गेला महिनाभर मी कॅमेऱ्याला लेन्स उलटी लावून अगदी लहान वस्तूंची छायाचित्रे काढण्याचा प्रयत्न करतो आहे. त्यासाठीची खास मॅक्रो लेन्स माझ्याकडे नाही, आणि हा छंद आपल्याला कितपत मानवतो हे कळण्याआधी ती घ्यावी असेही वाटत नाही. घरात वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिमी, एफ १.८ ची जुनी लेन्स पडून होती. काच स्वच्छ आहे, आत बुरशी नाही आणि छिद्र लहानमोठे करण्याचे कडे लेन्सवरच आहे. तिच्या पुढच्या तोंडाशी फिल्टर बसवण्यासाठी ५२ मिमीचे आटे आहेत. एका बाजूने या आट्यांत बसणारी आणि दुसऱ्या बाजूने कॅमेऱ्याच्या माउंटवर अडकणारी रिव्हर्स रिंग मी आणली आणि लेन्स उलटी चढवली. कॅमेरा एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, आहे.

रिंग हाती येईपर्यंत दोन दिवस मी लेन्स नुसती उलटी धरून, कॅमेऱ्याच्या तोंडाशी टेकवून पाहत होतो. फटीतून शिरणाऱ्या उजेडाने चित्र धुरकट येत होते, तरी काळ्या कागदावर टाकलेले मिठाचे दाणे पहिल्यांदा स्पष्ट झाले तो क्षण मी विसरणार नाही. डोळ्यांना जिथे नुसती पांढरी पूड दिसते तिथे घनाकृती ठोकळे होते, त्यांच्या कडा झिजलेल्या होत्या, आणि एका दाण्याच्या पोटात हवेचा बारीक बुडबुडा अडकलेला होता. त्या दिवसापासून घरातली प्रत्येक बारीक वस्तू मी या लेन्ससमोर धरून पाहतो आहे.

आता अडचणी सांगतो. पहिली अशी की, लेन्सवरचे फोकसचे कडे कितीही फिरवले तरी फोकसमध्ये काहीच फरक पडत नाही. दुसरी अशी की, स्पष्ट दिसणारा भाग इतका पातळ असतो की दाण्याची पुढची कड स्पष्ट आली तर मागची विरघळून जाते. हा पट्टा वाढावा म्हणून मी छिद्र अगदी लहान, म्हणजे एफ २२ वर ठेवू लागलो. पट्टा वाढला, पण सगळेच चित्र मऊ पडले, जणू काचेवर कोणी फुंकर मारली आहे. तिसरी अडचण प्रकाशाची. एफ २२ वर व्ह्यूफाइंडरमध्ये जवळजवळ काळोख असतो आणि खिडकीपाशी बसूनही शटर अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागते, त्यामुळे हातात कॅमेरा धरून काढलेले एकही छायाचित्र कामाचे निघाले नाही.

माझा प्रश्न असा आहे की, हा मऊपणा लेन्स जुनी असल्यामुळे येतो, ती उलटी लावल्यामुळे येतो, की चूक माझी आहे? ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आपल्या लेन्सवर ठपका ठेवण्याआधी एक साधे मोजमाप करून पाहा. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आडवी ठेवा, तिच्यावर फोकस जमवा आणि चित्राच्या रुंदीत किती मिलिमीटर मावतात ते मोजा. एपीएस-सी सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिमी असते, काही कॅमेऱ्यांत ती २२.३ मिमी असते. सेन्सरच्या रुंदीला दिसणाऱ्या मिलिमीटरांनी भागले की मॅग्निफिकेशन मिळते. डीएसएलआरवर उलटी लावलेली ५० मिमी लेन्स साधारण एकास एक देते, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराइतकीच उमटते. ही संख्या कळल्याशिवाय पुढची कोणतीही चर्चा अंदाजानेच होईल, म्हणून मी ती सर्वांत आधी विचारतो.

आता लेन्स उलटी का लावायची हे पाहू. नेहमीच्या लेन्सची रचना दूरचे मोठे दृश्य जवळच्या लहान सेन्सरवर उतरवण्यासाठी केलेली असते. तिच्या पुढच्या तोंडाकडे लांब अंतर आणि मागच्या तोंडाकडे कमी अंतर गृहीत धरूनच तिच्यातले दोष काढलेले असतात. वस्तू सेन्सरपेक्षा लहान असेल आणि तिची प्रतिमा मोठी हवी असेल तेव्हा हे नाते उलटते, कारण वस्तू जवळ असते आणि सेन्सर तुलनेने दूर. अशा वेळी लेन्सही उलटी केली तर ज्या अंतरांसाठी ती घडवली आहे त्यांच्याजवळ आपण तिला पुन्हा आणून ठेवतो. म्हणूनच मॅग्निफिकेशन एकाच्या पुढे गेले की तीच लेन्स सुलटीपेक्षा उलटी अधिक चांगली दिसते. आपण कोणतीही चुकीची गोष्ट करत नाही आहात.

फोकसचे कडे चालत नाही याचे कारणही यातच आहे. आपल्यासारख्या जुन्या लेन्समध्ये फिल्टरचे आटे आणि आतला काचांचा संच सहसा एकत्रच पुढेमागे सरकतात. उलट्या अवस्थेत ते आटे कॅमेऱ्याला जखडलेले असल्याने काचा जागेवरच राहतात आणि कडे फिरवल्यावर लेन्सचे मागचे नळकांडे तेवढे बाहेर येते. फोकससाठी त्याचा उपयोग नाही, पण ते पूर्ण बाहेर काढून ठेवले तर उघड्या पडलेल्या मागच्या काचेला हुडसारखी सावली मिळते, म्हणून मी ते नेहमी बाहेरच ठेवतो. फोकस मात्र कॅमेरा किंवा वस्तू पुढेमागे सरकवूनच साधावा लागतो.

राहिला मऊपणा, आणि तो विवर्तनाचा, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा आहे. लेन्सवर एफ २२ लिहिलेले असले तरी एकास एक मॅग्निफिकेशनला तिचा परिणाम एफ ४४ सारखा होतो. ढोबळ सूत्र असे की, लेन्सवरच्या आकड्याला मॅग्निफिकेशन अधिक एक या संख्येने गुणायचे. एफ ४४ ला एका बिंदूचा प्रकाश सेन्सरवर सुमारे ०.०६ मिमी व्यासाच्या चकतीत पसरतो. आपल्या सेन्सरच्या एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.००४ मिमी आहे, म्हणजे एक बिंदू पंधरा पिक्सेलांवर पसरला. जगातली सर्वांत उत्तम काच आणली तरी एफ २२ वर हे टळणार नाही. एफ ५.६ वर हाच पसारा चार पिक्सेलांपर्यंत खाली येतो. एफ ४ ते एफ ११ पर्यंतची मालिका एकाच वस्तूवर, कॅमेरा न हलवता काढून पाहा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. एक भर एवढीच घालतो की, धागालेखकांना छिद्राचे कडे असलेली लेन्स मिळाली हे त्यांचे भाग्य आहे. हा धागा वाचून अनेक जण कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स उलटी लावू पाहतील आणि तिथे त्यांची वेगळीच अडचण होईल. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये छिद्र विजेवर चालते, त्यामुळे उलट्या लेन्सचे छिद्र शेवटी होते तसेच, म्हणजे सहसा पूर्ण उघडे राहते. त्यावर उपाय असा की, लेन्स आधी सुलटी लावावी, छिद्र एफ ८ वर ठेवावे, डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट पट्ट्याची खोली) पाहण्याचे बटण दाबून धरावे आणि ते दाबलेले असतानाच लेन्स काढून घ्यावी. छिद्र त्याच स्थितीत राहते. निकॉनच्या जी मालिकेतल्या लेन्सवर कडे नसते, पण मागे एक छोटी तरफ असते आणि लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की ती छिद्र अगदी लहान करून टाकते. ती तरफ हव्या त्या जागी धरून ठेवण्यासाठी मी जाड कागदाची घडी खाचेत सरकवतो. दर वेळी छिद्र नेमके तेवढेच उघडेल याची खात्री नसते, तरी शिकण्यापुरते ते पुरते.

झूम लेन्स उलटी लावणाऱ्यांना आणखी एक गोष्ट चकित करते. ५५ मिमीला मॅग्निफिकेशन कमी आणि १८ मिमीला पुष्कळ जास्त, असा नेहमीच्या अनुभवाच्या नेमका उलट व्यवहार तिथे असतो. लेन्स जितकी वाइड, म्हणजे तिचा मिमीचा आकडा जितका लहान, तितके मॅग्निफिकेशन मोठे. डीएसएलआरवर उलटी २८ मिमी दुपटीच्या थोडे पुढे जाते, तर २४ मिमी अडीचपटीच्या आसपास. नवशिक्याने १८ मिमीपासून सुरुवात केली तर वस्तू चौकटीत सापडतच नाही आणि कंटाळून प्रयोग सुटतो. ५० मिमी ही सुरुवातीसाठी योग्य निवड आहे असे माझे ठाम मत आहे.

धागालेखक

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काल सुटीचा दिवस होता म्हणून सांगितल्याप्रमाणे सगळे करून पाहिले.

पट्टीवर चित्राच्या रुंदीत २२ मिमी मावले, म्हणजे मॅग्निफिकेशन १.०७ निघाले. लेन्सच्या माउंटच्या कडेपासून पट्टीपर्यंतचे अंतर सुमारे नऊ सेंटिमीटर भरले. वस्तूला लेन्स जवळजवळ टेकवावी लागेल असे मी सुरुवातीला धरून चाललो होतो, त्यामुळे इतकी जागा मिळते याचे आश्चर्य वाटले.

त्यानंतर छिद्राची मालिका काढली. त्यासाठी एका मासिकातले छापील रंगीत चित्र घेतले, कारण ते सपाट असते आणि आकाशी, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांच्या जाळीने बनलेले असते, त्यामुळे स्पष्टता किती आहे हे ठिपक्यांच्या कडांवरून लगेच कळते. कॅमेरा तिवईवर ठेवला, लेन्स खाली रोखली, शटर दोन सेकंदांच्या टायमरने सोडले. एफ १.८ वर ठिपक्यांभोवती धूसर वलय होते आणि कोपरे वाहून गेले होते. एफ ४ वर मधला भाग छान आला. एफ ५.६ वर कोपऱ्यांतले ठिपकेही गोल झाले आणि कागदाचे तंतू दिसू लागले. एफ ८ मला नुसत्या डोळ्यांनी एफ ५.६ पेक्षा वेगळे ओळखता आले नाही. एफ ११ वर तंतू किंचित मिटले, एफ १६ वर ते गेले, आणि एफ २२ वर पिवळे ठिपके शेजारच्या आकाशी ठिपक्यांत मिसळून हिरवट डाग झाले. महिनाभर मी चाळीस वर्षांच्या एका चांगल्या लेन्सला विनाकारण नावे ठेवत होतो.

आता एफ ८ वर राहायचे ठरवले आहे, पण मग स्पष्ट पट्टा किती मिळतो हे मोजण्यासाठी पट्टी ४५ अंशांत तिरकी धरून पाहिली. जेमतेम अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचा भाग स्पष्ट येतो. जिवंत मुंगी या पट्ट्यात कशी पकडायची? शिवाय कॅमेरा हातात धरला की अजूनही सगळे हलते. तिवई लावायला मुंगी वेळ देत नाही.

प्रतिसाद ३

आपले मोजमाप बरोबर आहे, एपीएस-सी सेन्सरवर एकास एकला एफ ८ वर गणिताने ०.६ मिमीच्या आसपासच उत्तर येते. त्या पट्ट्याचा उपयोग कसा करावा हे शेवटी सांगतो. आधी हलण्याचा प्रश्न घेऊ, कारण माझ्या अनुभवात उलट्या लेन्सने काढलेली बहुतेक छायाचित्रे फोकस चुकल्यामुळे जितकी वाया जातात त्याहून अधिक अपुऱ्या प्रकाशामुळे वाया जातात.

आपल्या मॅग्निफिकेशनला कॅमेरा ०.००४ मिमी सरकला की चित्र एक पिक्सेल सरकते. माणसाचा केस याच्या पंधरा-वीसपट जाड असतो. कॅमेरा हातात धरून एवढे स्थिर राहणे कोणालाच शक्य नाही, नाडीच्या ठोक्यानेही याहून जास्त हालचाल होते. त्यात एकास एकला सेन्सरवर पोचणारा प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो आणि दुपटीला तो नवव्या हिश्शावर येतो. म्हणजे हालचाल सर्वाधिक जाणवते तिथेच शटर जास्त वेळ उघडे ठेवणे भाग पडते. सूर्यप्रकाशातही हा मेळ नीट बसत नाही.

याचे उत्तर फ्लॅश आहे, आणि तेही कमी शक्तीवरचा फ्लॅश. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा फ्लॅश १/१६ किंवा १/३२ शक्तीवर चालवला तर त्याचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढाच किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो. शटर १/२०० ठेवले, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ठेवला, छिद्र एफ ८ ठेवले की खोलीतला उजेड चित्रात जवळजवळ उमटतच नाही. चित्र केवळ त्या झोताने घडते आणि हाताचा कंप त्यात दिसत नाही. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात विजेचा संपर्क नसल्याने सगळे एम मोडवर, हातानेच करावे लागते. सुरुवातीच्या श्रेणीतले काही कॅमेरे अशा वेळी प्रकाशाचे मापही देत नाहीत. एक चाचणी, हिस्टोग्रामवर (उजेड-अंधाराच्या आलेखावर) एक नजर आणि मग फ्लॅशची शक्ती एक पायरी वर किंवा खाली, एवढ्यात ते जमते. अंतर कायम तेच राहत असल्याने एकदा जमलेले आकडे पुढे सगळीकडे चालतात, हा या पद्धतीचा मला सर्वांत आवडणारा गुण आहे.

नुसता फ्लॅश मात्र वापरू नका. मुंगीचे अंग गुळगुळीत आणि चकचकीत असते, तिच्या पाठीवर त्या लहान दिव्याचा पांढराफेक भगभगीत ठिपका उमटतो आणि बाकी सगळे काळे पडते. प्रकाशाचा स्रोत वस्तूच्या मानाने मोठा आणि शक्य तितका जवळ हवा. मी पातळ पांढऱ्या फोमचा कागद फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत कमानीसारखा वाकवतो, त्याला आतून चंदेरी कागदाची नळी लावून फ्लॅशचा उजेड खाली आणतो आणि वस्तूच्या दोन ते तीन सेंटिमीटर वर ती कमान ठेवतो. मुंगीच्या पाठीवर मग ठिपक्याऐवजी मऊ पसरलेली चमक येते आणि तिच्या अंगावरची बारीक लव मोजता येते. छायाचित्राचा पोत लेन्सपेक्षा या कागदावर अधिक अवलंबून असतो, म्हणून रिंगनंतरचे पहिले कष्ट इथेच घ्यावेत.

पट्ट्याबद्दल आता सांगतो. एका छायाचित्रात सगळे अंग स्पष्ट यावे हा आग्रह सोडा आणि तो अर्धा मिलिमीटर कुठे टाकायचा हे ठरवा. कीटक असेल तर डोळा. मुंगी बाजूने आणि सेन्सरला समांतर आली तर डोके, धड आणि पोट एकाच प्रतलात येतात. कोपर जमिनीला किंवा गुडघ्याला टेकवा, डाव्या हाताची बोटे मुंगी ज्या फांदीवर आहे त्याच फांदीला लावा म्हणजे कॅमेरा आणि मुंगी एकत्र डोलतील, आणि श्वास सोडताना शरीर सावकाश पुढे झुकवत डोळा चमकला की शटर दाबा. दहांत एक जमले तरी ते प्रमाण वाईट नाही. कीटकाला थंडीत ठेवून सुस्त करणे किंवा चिकटवणे असे काही कृपया कोणी करू नये. पहाटे गारव्यात ते आपणहूनच संथ असतात.

प्रतिसाद ४

या चर्चेत सावधगिरीचा मुद्दा राहून गेला आहे, म्हणून थोडे विरोधी सुरात लिहितो. उलट्या लेन्सचा मागचा भाग, म्हणजे छिद्राची तरफ, संपर्काच्या पट्ट्या आणि कोटिंग असलेली मागची काच, सगळे उघड्यावर असते. मी स्वतः एका फुलावर वाकलो असताना मागची काच काटेरी देठावर घासली. पुढच्या काचेवरचा ओरखडा चित्रात सहसा जाणवत नाही, मागच्या काचेवरचा जाणवतो. ती लेन्स सुलटी लावून उजेडाकडे पाहिले की आता प्रत्येक चित्रात एक फिकट रेघ येते. निकॉनने मागच्या माउंटवर बसणारी बीआर-३ नावाची रिंग काढली होती, तिच्यामुळे तिथे ५२ मिमीचा फिल्टर लावता येतो. तसे काही नसेल तर मागच्या टोपणाचा तळ कापून त्याचे कडे लेन्सवर चढवावे, त्याने निदान काच आत खोल राहते.

दुसरे असे की, वजनदार झूम लेन्स फिल्टरच्या आट्यांवर टांगून ठेवू नये. हे आटे पातळ काच पेलण्यासाठी असतात, आणि ऑटोफोकसच्या पुष्कळ लेन्समध्ये ते पुढेमागे सरकणाऱ्या भागावर असतात, त्यामुळे सगळा भार आतल्या नाजूक यंत्रणेवर येतो. या दोन कारणांमुळे नवशिक्याने एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यात बसणाऱ्या पोकळ नळ्या, का घेऊ नयेत असा मला प्रश्न पडतो. लेन्स सुलटीच राहते, काच सुरक्षित राहते आणि संपर्क असलेल्या ट्यूब घेतल्या तर छिद्रही कॅमेऱ्यावरूनच चालते.

प्रतिसाद १

आपला मुद्दा रास्त आहे, आणि एकास एकपर्यंतच थांबायचे असेल तर ५० मिमी लेन्सखाली ५० मिमीच्या ट्यूब लावूनही काम होते. त्या मर्यादेत दोन पद्धतींच्या गुणवत्तेत मला फारसा फरक दिसलेला नाही, कारण या लेन्सची रचना दोन्ही बाजूंनी बरीचशी सारखी असते. फरक पडतो तो पुढे. २८ मिमी लेन्स सुलटी ठेवून दुपटीपर्यंत न्यायची तर सुमारे ५६ मिमीची ट्यूब लागते आणि तेव्हा वस्तू लेन्सच्या पुढच्या काचेला जवळजवळ चिकटते. प्रकाश आत शिरायलाही जागा उरत नाही.

उलट्या लेन्सचे तसे होत नाही, आणि त्यामागचे कारण मला फार सुंदर वाटते. डीएसएलआरमध्ये आरशाला हलायला जागा हवी म्हणून माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर मोठे ठेवलेले असते, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी, कॅननच्या ईएफमध्ये ४४ मिमी. वाइड लेन्ससुद्धा एवढ्या लांबून चित्र उतरवू शकेल अशी घडवावी लागते. ती उलटी केली की तेच अंतर वस्तूच्या बाजूला येते. माउंटच्या कडेपासून वस्तूचे अंतर म्हणजे हे ४६.५ मिमी, अधिक फोकल लेन्थ (लेन्सचा ५० किंवा २८ मिमी हा आकडा) भागिले मॅग्निफिकेशन. धागालेखकांच्या आकड्यांत ५० ला १.०७ ने भागले तर सुमारे ४७, म्हणजे एकूण ९३ मिमी, आणि त्यांनी पट्टीने मोजलेले अंतर नऊ सेंटिमीटरच आहे. २८ मिमीला २.२ पट मॅग्निफिकेशन असताना ते ५९ मिमी येईल. वस्तू ४६.५ मिमीच्या आत कधीच येत नाही, मॅग्निफिकेशन कितीही वाढवा. मागची काच माउंटच्या बाहेर डोकावत असेल तर तेवढे अंतर यातून वजा करावे.

प्रतिसाद ५

माझ्याकडे डीएसएलआर नाही, मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) आहे, माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर १८ मिमी. त्याच्यावर उलटी ५० मिमी लेन्स लावली तर मॅग्निफिकेशन अर्ध्यावरच अडकते. रिंग सदोष आहे का? आणि लेन्स लावलेलीच नाही असे समजून कॅमेरा शटर सोडतच नाही.

प्रतिसाद १

रिंग ठीक आहे. डीएसएलआरच्या मानाने लेन्स सेन्सरकडे २८ मिमीने सरकली आणि २८ भागिले ५० एवढे, म्हणजे सुमारे ०.५६ मॅग्निफिकेशन त्यात गेले. तेवढ्याच लांबीची साधी ट्यूब मध्ये घाला, ते परत मिळेल. आपल्या माउंटच्या नव्या लेन्स मात्र उलट्या लावू नका, त्यांच्या मागे मुळातच १८ मिमी अंतर असल्याने वस्तूकडे जागा कमी उरते. जुन्या डीएसएलआरच्या किंवा फिल्म कॅमेऱ्याच्या लेन्स घ्या. शटरसाठी मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो सुरू करा.

प्रतिसाद ६

स्थिर वस्तूंसाठी फोकस स्टॅकिंगबद्दल लिहितो, कारण दुपटीच्या पुढे त्याला पर्याय नाही असे माझे मत झाले आहे. कॅमेरा किंचित किंचित पुढे सरकवत पुष्कळ छायाचित्रे काढायची आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन संगणकावर एक चित्र बनवायचे. हेलिकॉन फोकस आणि झीरीन स्टॅकर ही त्यासाठीची नावाजलेली सॉफ्टवेअर आहेत, फुकट हवे असेल तर पिकोले किंवा ह्यूगिनबरोबर येणारी साधनेही चालतात. यात एक जमेची बाजू अशी की, पट्टा वाढवण्यासाठी छिद्र लहान करण्याची गरजच संपते. लेन्स जिथे सर्वांत तीक्ष्ण आहे त्या एफ ५.६ वर निश्चिंत राहता येते. एपीएस-सी सेन्सरवर २.२ पटीला आणि एफ ५.६ ला स्पष्ट पट्टा सुमारे ०.१५ मिमीचा असतो, म्हणून पाऊल ०.१ मिमीचे ठेवावे. पट्टे एकमेकांवर चढले नाहीत तर चित्रात आलटून पालटून स्पष्ट आणि अस्पष्ट अशा रेघा येतात.

इतके बारीक सरकण्यासाठी स्क्रूवर चालणारी फोकसिंग रेल लागते. स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्यात रेल एक मिलिमीटर सरकत असेल तर मुठीवर दहा समान खुणा कराव्यात, एक खूण म्हणजे ०.१ मिमी. फिरवताना नेहमी एकाच दिशेने फिरवा. मागे आणून पुन्हा पुढे गेलात तर आट्यांतल्या ढिलाईमुळे एक-दोन पावले नुसतीच वाया जातात. प्रत्येक पावलानंतर कंप थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबावे.

धागालेखक

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. दरम्यान २८ मिमीची, छिद्राचे कडे असलेली एक जुनी लेन्स मित्राकडून उसनी मिळाली. पट्टीवर १०.७ मिमी मावले, मॅग्निफिकेशन बरोबर २.२. प्रतिसाद ४ वाचून टोपणाचा तळ कापून कडे चढवले आहे. त्याचा खरोखर उपयोग झाला, कारण दुसऱ्याच दिवशी लेन्स टेबलाच्या कडेला आपटली आणि ओरखडा त्या कड्यावर गेला.

खिडकीच्या चौकटीत एक मेलेली घरमाशी सापडली. रेल घेतली नाही. एका जुन्या सूक्ष्मदर्शकाची तबकडी काढून तिच्यावर माशी टाचणीवर बसवली आणि कॅमेरा हलवण्याऐवजी माशीच सरकवली, कारण तबकडीवरची मूठ मुळातच बारीक फिरते. फोमच्या कागदाची कमान केली. पहिल्या प्रयत्नात पाऊल मोठे झाले आणि डोळ्यावर वर सांगितलेल्या त्याच रेघा उमटल्या. दुसऱ्या वेळी मधल्याच चित्रात टाचणी हलली. तिसऱ्या वेळी एफ ५.६ वर, ०.१ मिमीच्या पावलांनी, २४ छायाचित्रे काढली आणि ती जुळवायला लावून मी शेजारी बसून राहिलो.

डोळ्यातले षटकोन दिसतात. नुसते दिसत नाहीत, पुढच्या भागात एकेक मोजता येतो, कडेला ते वळून दाटीवाटीने जातात आणि प्रत्येकाच्या माथ्यावर माझ्या फोमच्या कमानीचे पांढरे प्रतिबिंब आहे. दोन डोळ्यांच्या मधल्या काळ्या पट्टीवर केसांची दुहेरी ओळ आहे आणि त्यातल्या एका केसाच्या टोकाला पिवळा परागकण चिकटलेला आहे. मी शंभर टक्क्यांवर चित्र वरून खाली, डावीकडून उजवीकडे तीन वेळा पाहिले.

एक दोष मात्र कळत नाही. जिथे केस डोळ्याच्या समोरून आडवे जातात तिथे केसाभोवती अस्पष्ट पांढरी कड आली आहे, आणि ती एकाही मूळ छायाचित्रात नाही. हे जुळवणीच्या पद्धतीमुळे होते का, आणि पाऊल आणखी लहान केल्याने ते जाईल का?

प्रतिसाद ६

अभिनंदन. पाऊल लहान करून ती कड जाणार नाही. केसावर फोकस असताना मागचा डोळा धूसर असतो आणि डोळ्यावर फोकस असताना केस पसरून त्याच्या आजूबाजूचा डोळा झाकतो, त्यामुळे केसाच्या लगतच्या पट्टीत डोळा एकाही छायाचित्रात स्वच्छ आलेला नसतो आणि सॉफ्टवेअरला तिथे घेण्यासारखे काही मिळत नाही. आडव्या केसांसाठी सॉफ्टवेअरमधली पिरॅमिड नावाची जुळवणीची पद्धत निवडून पुन्हा जुळवा, कड बरीच कमी होईल, फक्त रंगांत थोडा कडकपणा येईल. मग दोन्ही जुळवण्या एकमेकांवर ठेवून केसांपुरता भाग पिरॅमिडचा आणि बाकी आधीचा असा हाताने रंगवून घ्या. मूळ २४ छायाचित्रे पुसू नका.